खुर्चीसकट

हेमराज आईला व्हेनिस दाखवायला घेऊन आला. सिरोंच्याकडच्या सुगंधाबाईंचे गुडघे पार गेलेले. विमानतळाच्या धक्क्यावर दोघा धिप्पाड माणसांनी त्यांना व्हीलचेअरसकट उचललं आणि अलगद नावेत ठेवलं. नाव सुटली तसं त्यांनी मुलाचं मनगट घट्ट धरलं.

"हेमराज, खरं सांग. मले काय झालं?"

"काई नाई झालं, माय. आपण फिरायले आलो."

"तुह्या बकाराममामालेबी पुरात असंच खुर्चीसकट नावेत घालून दवाखान्यात नेलं होतं. सारं गाव काठावर हात हलवत उभं होतं. वापस आला का तो?"

"माय, या शहरात सडकाच नाईत. इथी धडधाकट माणूसबी नावेतच जाते."

सुगंधाबाईंना हे काही पटेना. तेवढ्यात समोरून पर्यटकांनी भरलेली बोट आली. खुर्चीत बसलेली नऊवारीतली आजी पाहून अख्ख्या बोटीने तिला हात हलवले.

सुगंधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"पाह्य, परक्या लोकाईलेबी समजलं. तूच तेवढा लपवून राह्यला."