दत्तोपंतांची पावलं

गल्लीत वाहनबंदी झाली आणि पालिकेनं घरोघरी पावलं मोजणारे पट्टे वाटले, तेव्हा दत्तोपंतांनी आपला पट्टा बंड्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला. "चालणं त्याचं, शाबासकी माझी," म्हणून ते हसले. मग सगळ्या गल्लीनं तेच केलं.

आज छातीत कळ येऊन ते जिन्यातच कोसळले. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

"गाडी चौकापर्यंतच येईल, मावशी. तुमची गल्ली सगळ्यात तंदुरुस्त, म्हणून तिथला दवाखानाही दुसरीकडे हलवलाय. काकांना चालत आणा."

"अहो, त्यांना उभंही राहवत नाही!"

"काहीतरीच काय! रोज बारा किलोमीटर चालतात ते. आत्तासुद्धा चालताहेत, पट्ट्यावरून इथे दिसतंय मला."

कुमुदिनीबाईंच्या हातातला दत्तोपंतांचा हात गार पडला होता. अंगणात बंड्या मजेत धावत होता.