पुस्तकाची लेबलं

“आधी तो स्पीकर उचला तिथून,” ती म्हणाली. “लोहचुंबक असतो त्यात. फ्लॉपीतलं सगळं पुसून जाईल.”

नवऱ्याने उघडा स्पीकर उचलून खिडकीत ठेवला. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि चुंबक काय करतो ते आता बायको शिकवत होती. एरवी त्याने तिला सोडलं नसतं. पण मुलगा गेल्यापासून दोघांचीही भांडणं अर्ध्यावरच थांबत.

“आणखी लांब.”

“आता काय शेजारी नेऊन ठेवू?”

“ठेवा. रात्रंदिवस गाणी लावतात मेले, त्यांचं पुसलं गेलं तर बरंच.”

तिने टेबल पुसलं, हात पुसले आणि बुटांचा जुना खोका उघडला. आत मुलाचं पुस्तक होतं.

कागदावर त्यातली एक ओळही नव्हती. “पूर्ण होऊ दे, मग थेट पुस्तकच वाच,” असं तो म्हणायचा. शेवटचं प्रकरण संपवलं आणि तापाने आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही. त्याचा कॉम्प्युटर जुनाट. त्याच्या पोटात काही राहायचं नाही, बंद केला की सगळं विसरायचा. जे काही होतं ते या खोक्यातल्या फ्लॉप्यांत.

आज लंबू यायचा होता. मुलाचा शाळेपासूनचा मित्र, आता एका प्रकाशकाकडे नोकरीला. साहेबांच्या मागे लागून लागून त्याने त्यांना पुस्तक वाचायला कबूल केलं होतं. फोनवर म्हणाला होता, “काकू, कुठल्या फ्लॉपीत काय आहे तेवढं नीट लिहून ठेवा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मला नाही लागायचं.”

लिहायचं कशाला? लेबलं छापणं हे तर या घरातलं तिचं खातं. मुलगा याच खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा. त्यासाठी नव्या फ्लॉप्यांचे डबे यायचे आणि लेबलं लावून त्या कपाटात रचणं तिच्याकडे असायचं. तिच्यासाठी त्याने मुद्दाम एक प्रोग्रॅम लिहिला होता. नवी फ्लॉपी तशीच चालत नाही, आधी तयार करावी लागते म्हणे. ते कामही हा प्रोग्रॅमच उरकायचा आणि वर लेबलही छापून द्यायचा. प्रश्नसुद्धा मराठीत विचारायचा, इंग्रजी अक्षरांत का होईना.

“काही विचारलं की वाय दाब,” मुलाने शिकवलं होतं. “वाय म्हणजे हो. तसंही मला नाही म्हणणं तुला कुठे जमतं?”

क्लासच्या फ्लॉप्या अशा नटूनथटून बसायच्या. त्याच्या स्वतःच्या मात्र तशाच, पेन्सिलीने खरडलेली चिटोरी डकवलेल्या. लावू लावू म्हणता राहूनच गेलं.

तिने प्रोग्रॅमची वेगळी फ्लॉपी घालून तो सुरू केला आणि ती काढून घेतली. मग पहिलं चिटोरं उजेडात धरून कसंबसं वाचलं, सोलून काढलं, प्रकरणाचं नाव टाइप केलं आणि फ्लॉपी आत सारली. पडद्यावर हिरवी ओळ उमटली.

आई, तयार करू का?

तिचा हात थांबला. आता तिला या नावाने हाक मारणारं घरात कुणी नव्हतं.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. “अडलं का?”

“नाही. विचारतोय मला.”

तिने वाय दाबलं. फ्लॉपी आतल्या आत बराच वेळ कुरकुरत राहिली. मग प्रिंटर करकरला आणि लेबल बाहेर आलं, काळंभोर आणि सरळ.

“एवढा वेळ काय चाललं होतं तिचं?”

“नाव शिकत असेल. तुमच्या लेकाने काय कमी वेळ घेतला होता? पाच वर्षांचा होईपर्यंत बोबडं सांगायचा.”

नवरा हसला. हसल्यावर ओशाळल्यासारखा झाला आणि म्हणाला, “दे इकडे. मी चिकटवतो. तू वाकडंच लावशील.”

तिने पाहिलं त्याच्याकडे. मुलाच्या लिहिण्यावर या माणसाने कायम तोंड टाकलं होतं. कादंबरीने रेडिओ वाजतो का, असं चारचौघांत विचारलं होतं. आता तोच चिमट्यात लेबल धरून, श्वास रोखून, रेषेला रेष जुळवत होता.

दुपारभर तसंच चाललं. पडदा विचारायचा, ती हो म्हणायची, कुरकुर व्हायची, तो चिकटवायचा. तिला वाटत होतं, हे संपूच नये.

एका लेबलाशी तो अडला. “रेडिओवाला,” त्याने वाचलं. “हे माझ्यावर आहे?”

“मला काय माहीत? मला तरी कुठे वाचू दिलं त्याने?”

“शिव्याच घातल्या असतील.”

“घातल्या असतील तर ऐका गपचूप.”

ती फ्लॉपी त्याने सगळ्यांच्या वर ठेवली.

लंबू आला तो दारात वाकूनच. खोका बघून त्याचे डोळे भरले. “काय सुंदर लावल्यात, काकू! तो असता तर म्हणाला असता, आईने माझं लग्नच लावून दिलं.”

“नेण्याआधी एक प्रकरण वाचून दाखव,” ती म्हणाली. “ते वरचं. यांना ऐकायचंय.”

“मी कधी म्हटलं?” नवरा म्हणाला, पण खुर्ची ओढून लंबूच्या शेजारी बसला. शर्टाचं वरचं बटणही लावलं.

लंबूने फ्लॉपी सारली, काही टाइप केलं, पडदा बघितला. ती काढून दुसरी घातली. मग तिसरी. मग खोका चाळून पार तळाची. मग तो वळला आणि समजूतदारपणे हसला.

“गडबड झाली वाटतं, काकू. या क्लाससाठी तयार केलेल्या नव्या, कोऱ्या फ्लॉप्या आहेत. त्याच्या कुठे ठेवल्यात?”