दार लावून

मुख्य सर्व्हर रीबूट करायचा होता. सिस्टिम सांभाळणाऱ्या बाईंनी त्यावरची व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे कर्मचारी घरूनही वापरत ते आभासी संगणक, एकेक करून नीट बंद केली. एक मात्र हटून बसलं. त्यावर कोणीतरी काम करत होतं. नाव पाहून बाई चपापल्या. नकाशे काढणाऱ्या त्या गृहस्थांना तीन महिन्यांपूर्वीच कामावरून कमी केलं होतं.

"सरळ बंद पाडा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

बाईंनी आधी त्या गृहस्थांच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"ते ऑफिसच्या कामात आहेत हो, सकाळपासून दार लावून बसलेत. काही निरोप द्यायचाय?"

बाई म्हणाल्या, "सिस्टिम दहा मिनिटं बंद राहील. काम सेव्ह करा म्हणावं."

थोड्या वेळाने मशीन रीतसर बंद झालं. पुन्हा चालू करायच्या यादीत ते नव्हतं. बाईंनी ते सगळ्यांत आधी चालू केलं.