छातीवरची लादी

नाथाजींच्या पुतण्याने, सिद्धूने, घण उचलला आणि त्यांच्या छातीवरच्या लादीवर हाणला. ठण्ण असा आवाज झाला. लादी फुटली नाही.

जत्रेतले लोक माना उंचावून बघत होते. सिद्धूने पुन्हा हाणला. लादी तशीच. खालून नाथाजींच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण लोकांना वाटलं, ते देवाचं नाव घेतायत. तिसऱ्या घावाला घणाचा दांडाच मोडला आणि लोखंडी डोकं उडून जिलेबीवाल्याच्या पाकात पडलं.

फौजेतून सुभेदार होऊन परतल्यापासून नाथाजी दर वर्षी कुंडलच्या जत्रेत छातीवर फरशी फोडून घ्यायचे. गेल्या वर्षी पलूसचा एक गडी म्हणाला, सुभेदारांची फरशी घरूनच तडकून आलेली असते. नाथाजींना ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

म्हणून यंदा त्यांनी जाहीर केलं, काँक्रीटची लादी चारचौघांसमोर ओततो, कुणीही येऊन बघा. मग लेकीला, साक्षीला, बाजूला घेतलं. ती विश्रामबागच्या कॉलेजात सिव्हिल शिकत होती. दिसायला दणकट आणि फुटायला हलकी अशी लादी होईल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

साक्षीचा प्रोजेक्ट नेमका त्यावरच होता. ती म्हणाली, त्यात काय अवघड आहे. निम्मं सिमेंट काढायचं आणि तिथं साखर कारखान्याच्या बॉयलरची राख घालायची. रंग सारखाच, कुणाला कळणार नाही. मात्र ओतल्यावर लादीला पाणी मारायचं नाही. राखेचं काँक्रीट पाण्यावर पोसतं. पाणी मिळालं तर दगड, उन्हात कोरडं पडलं तर बिस्कीट.

पलूसच्या गड्यासमोर लादी ओतली. साच्यातून काढून गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवली. साक्षी हॉस्टेलवर परत गेली आणि नाथाजी निवांत झाले.

आता चौघांनी मिळून ती लादी छातीवरून उचलली. अख्खी जत्रा ओरडत होती. घण मोडला, पण सुभेदार मोडला नाही! पलूसचा गडी पुढं आला आणि त्याने नाथाजींचे पाय धरले. सरपंचांनी फेटा बांधला. नाथाजी हसत उभे होते. फक्त श्वास घेत नव्हते. फेटा बांधून झाल्यावर ते सिद्धूच्या कानाला लागून म्हणाले, "गाडी काढ. मिरजंला घे."

मिरजेच्या हॉस्पिटलात एक्स-रे निघाला. दोन बरगड्यांना चीर गेली होती. कशाने झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर नाथाजींनी पायरीवरून पडलो म्हणून सांगितलं.

जत्रेसाठी हॉस्टेलवरून आलेली साक्षी संध्याकाळी हॉस्पिटलात आली. तिने जत्रेतच लादी हाताने चाचपली होती. कडेला गोणपाटाचे धागे चिकटलेले होते. तिने सांगितलं, या लादीला कुणीतरी पाणी मारलंय, तेही मनापासून.

नाथाजींचं डोकं फिरलं. हे दुष्मनाचंच काम. आपल्या गच्चीवर चढायची छाती कुणाची झाली, ते पलूसला जाऊन विचारतो म्हणून ते उठायला गेले आणि कण्हत परत आडवे झाले.

उशाशी त्यांची बायको, रंगुबाई, मोसंबी सोलत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही जत्रेत हा खेळ बघायला गेल्या नव्हत्या. नवरा तिकडं घणाखाली पडलेला असायचा, तेव्हा त्या घरी डोळे मिटून बसायच्या.

"पलूसला कशाला जाताय," त्या म्हणाल्या. "मीच मारत हुते पानी. सकाळ-संध्याकाळ. वर वली पोती बी टाकलीती."

नाथाजींनी बारीक आवाजात विचारलं, "का गं?"

रंगुबाईंनी मोसंबीची फोड त्यांच्या तोंडाशी धरली.

"आवं, दर साली तुमच्या छातीवर फुटती. म्हनलं, यंदा तरी फुटू नये."