म्हसोबाचा वळसा

बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर म्हसोबाच्या दगडाला वळसा घालून गेला आणि गिरजाबाईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आजही अंकुशच चालवतोय; देवाची जागा सोडायची हे दुसऱ्या कुणाला ठाऊक? गाव शहरात निघून गेलं, शिवार कंपनीचं झालं. पण पोरगा शहरातल्या ऑफिसात बसून दुरूनच ट्रॅक्टर चालवतो, आपलंच रान नांगरतो, एवढ्यावर ती एकटी तग धरून होती.

आज भाकरी घेऊन ती ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. "अंकुशा, जेवलास का रे?"

ट्रॅक्टर थांबला. "आजी, मी मशीन बोलतोय. अंकुश तीन वर्षांपूर्वीच जर्मनीला गेले. जाताना म्हसोबाची जागा सोडायला मला शिकवून गेले."

गिरजाबाई म्हसोबाला टेकून बसली. भाकरीचा तुकडा तिने देवापुढे ठेवला.

ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला आणि दोघांनाही वळसा घालून गेला.