अंतऱ्यापर्यंत

“आई, हे गाणं कुणाला पाठवायचं नाही हं. माझं पोट आता यावरच आहे,” लेक फोनवर म्हणाली होती. मी देवासमोर बसून शब्द दिला आणि रोजच्या नेमांत आणखी एक नेम वाढवला.

पूजा आटोपते तोच मोठ्या जाऊबाई आल्या. “पोरीचं गाणं आलं म्हणे! पाठव की मला. एका बोटाचं तर काम.”

“नाही पाठवणार. विकत घ्या, जाऊबाई.”

“अगं, घरच्याच पोरीचं गाणं! त्यात कसली आलीये चोरी?”

“घरच्यांनीच फुकट घेतलं, तर बाहेरच्यांनी का म्हणून पैसे द्यायचे?”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग मीच माझा फोन त्यांच्या कानाशी धरला. लेकीचा आवाज चढत गेला, जाऊबाईंचे डोळे भरून आले, आणि ऐन अंतऱ्याच्या तोंडाशी मी गाणं थांबवलं.

“अगं, बंद का केलंस?”

“पुढचं विकत मिळतं.”

“आणि लोक तुला देवभोळी म्हणतात!” पुटपुटत त्यांनी स्वतःचा फोन काढला. “कुठे दाबायचं, ते तरी सांग.”

त्यांचं गाणं सुरू झालं, तशा मी हळूच पायांत चपला सरकवल्या. पाठवायचं नाही, हा शब्द मला पाळायचा होता. आणि अख्ख्या इमारतीला अजून ऐकवायचं राहिलं होतं.