सावल्यांची सभा

पालकसभेला आता कुणी जात नसे. शाळेतल्या खुर्च्यांवर पालकांच्या उजेडाच्या सावल्या बसत, त्यांच्याच आवाजात बोलत आणि त्यांच्याच नावानं मत देत. सगुणाची सावली तीन वर्षं तिथं बसत होती आणि सगुणा निर्धास्त मनानं कांद्याची लागण करत होती.

आज मात्र शाळेच्या फाटकाशी बिनड्रायव्हरची गाडी दिसली, तशी ती चिखलाच्या हातांनीच धावत आली. गाडीत चौथीची सगळी पोरं होती. तिची मैना काचेला नाक लावून रडत होती.

“गुरुजी, पोरं कुठं चालवलीत?”

“निवासी केंद्रात. अकरा वर्षांसाठी.” ढोकणे गुरुजी म्हणाले. “ठराव वरून आला, बाई, पण सभेनं एकमतानं पास केला. तुमचंही मत आहे त्यात.”

“माझं? मी कधी दिलं?”

गुरुजींनी भिंतीवर सभा पुन्हा लावली. सगुणाची सावली गोड हसून म्हणाली, “सगळे म्हणतील तसं!” शेजारची कमळ तेच म्हणाली, तिचा दीर विठू तेच म्हणाला. तेवीसच्या तेवीस सावल्या तेच म्हणाल्या. जुन्या सभांमध्ये माणसं लाजत, घाईघाईत जेवढं बोलली होती, तेवढंच त्या शिकल्या होत्या.

“माझा विरोध आहे!” सगुणा किंचाळली.

“बावीस विरुद्ध एक,” भिंत शांतपणे म्हणाली.

गाडी थरथरली. सगुणा चाकांपुढं उभी राहिली आणि रानाकडं तोंड करून एकेका आईला नावानं हाका मारू लागली. वाफ्यांत वाकलेली एकही पाठ सरळ होईना. वारा उलटा वाहत होता.